‘द रेड’ (२०११): अकरा लाख डॉलर, एक इमारत आणि दोन तट पडलेला प्रेक्षक

पडदाफाड (धागाकर्ता)

मारधाडपटांच्या धाग्यावर मी ‘द रेड’चं नुसतं नाव घेतलं आणि खाली लगोलग दोन प्रतिसाद पडले. एक: "बाप पिक्चर!" दुसरा: "कथा कुठाय?" गेली कित्येक वर्षं जगभर हेच चाललंय, म्हणून म्हटलं वेगळाच धागा काढू. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जपून वाचा, पुढे रहस्यभेद आहेत. तसं या सिनेमात भेदण्यासारखं रहस्य फारसं नाहीच म्हणा.

थोडी पूर्वपीठिका. दिग्दर्शक गॅरेथ इव्हान्स मूळचा वेल्सचा. पेंचाक सिलाट या इंडोनेशियन युद्धकलेवर माहितीपट करायला तिकडे गेला आणि त्या कामात त्याला इको उवैस सापडला. इको तेव्हा एका टेलिफोन कंपनीत ड्रायव्हर होता, पण सिलाट घरातलीच, आजोबांची तालीम. त्याला घेऊन इव्हान्सने २००९ साली ‘मेरांताऊ’ केला. पुढचा सिनेमा मोठा करायचा होता: तुरुंग, टोळीयुद्ध, गाड्यांचा पाठलाग, सगळा सरंजाम. पैसेच उभे राहीनात. शेवटी ती संहिता फडताळात गेली आणि परवडेल असं काहीतरी लिहायला घेतलं. खर्च साधारण अकरा लाख डॉलर. हॉलिवूडच्या हिशेबात एवढ्यात एखाद्या मोठ्या नटाची व्हॅनिटी व्हॅनसुद्धा उभी राहायची नाही.

गोष्ट अशी. जकार्ताच्या गरीब वस्तीत पंधरा मजली इमारत. मालक टामा नावाचा डॉन, तो सगळ्यात वर. खालच्या मजल्यांवर त्याने आसरा दिलेले गुंड, नशेडी आणि चुकून एखादं सरळ कुटुंब. वीस पोलिसांची तुकडी पहाटे आत घुसते. पाळतीवरचं पोरगं त्यांना बघतं, वर वर्दी जाते, आणि टामा स्पीकरवरून सगळ्या भाडेकरूंना सांगतो की या पोलिसांना संपवा, कायमचं फुकट राहा. (भाडं माफ! ही ऑफर किती मोठी आहे ते मुंबईकरांना समजावून सांगायला नको.) त्यात ही धाड वरिष्ठांना न सांगता घातलेली, म्हणजे कुमक येणार नाही. बस. आता उरलेला वेळ जिवंत बाहेर पडायचं.

माझा मुद्दा बजेटचा आहे. "कमी पैशात केलाय, समजून घ्या" असलं कौतुक मला करायचं नाही. पैसे कुठे वाचवले आणि कुठे ओतले ते बघा. बंदुका सगळ्या एअरसॉफ्टच्या नकली. नळीतून निघणारा जाळ, उडणारी पुंगळी, सगळं नंतर संगणकावर घातलं. उलट मारामाऱ्या इको (नायक रामा झालेला), यायान रुहियान (खलनायक मॅड डॉग झालेला) आणि इव्हान्स यांनी आधी बसून बांधल्या, गाद्या टाकून हँडीकॅमवर अख्ख्या चित्रित केल्या, कोन ठरवले, आणि मग सेटवर गेले. संकलनही इव्हान्सचंच. म्हणून त्यात कोण कुठे उभा आहे, कोणाच्या हातात काय आहे, कुठला पाय जायबंदी झालाय हे तुम्हाला कायम दिसतं. आपल्याकडे ठोसा एका शॉटमध्ये निघतो, दुसऱ्यात पोचतो, आणि मधल्या कटात नटाचा डमी बदललेला असतो.

पण माझा सगळ्यात आवडता प्रसंग मारामारीचा नाहीच. नायक रामा एका जखमी सहकाऱ्याला घेऊन भाडेकरूच्या घरात भिंतीमागच्या पोकळीत दडलाय. गुंड खोलीत शिरतात. एकाला संशय येतो आणि तो भिंतीत कोयता खुपसायला लागतो. एक पातं आत येतं ते रामाच्या गालात. तो हूं की चूं करत नाही. आणि पातं मागे जायला लागल्यावर त्यावरचं स्वतःचं रक्त पुसून घेतो, बाहेर लाल दिसू नये म्हणून. या एका हालचालीत माणूस किती शहाणा आहे, किती घाबरलाय आणि किती वेदना गिळतोय ते सगळं आलं. संवाद शून्य. ज्यांना कथा सापडत नाही त्यांनी या मिनिटाबद्दल बोलावं.

सप्टेंबर २०११ मध्ये टोरंटो महोत्सवाच्या ‘मिडनाइट मॅडनेस’ विभागात पहिला खेळ झाला, आणि त्या विभागातला प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार यालाच मिळाला. मार्च २०१२ मध्ये इंडोनेशियात आणि अमेरिकेत लागला. समीक्षकांनी बहुतेक डोक्यावर घेतला. अमेरिकेतले नामवंत समीक्षक रॉजर एबर्ट यांनी मात्र चारपैकी एक तारा दिला. त्यावर चाहत्यांनी एवढा गदारोळ केला की त्यांना आपल्या मताच्या समर्थनार्थ पुन्हा लिहावं लागलं.

तुम्ही कुठल्या तटात?

तिकीटबारी

पहिल्या तटात, पहिल्या रांगेत! हॉस्टेलला पाहिला होता, एका लॅपटॉपभोवती अख्खा मजला जमलेला. शेवटच्या मारामारीत टामाचा उजवा हात असलेल्या मॅड डॉगच्या मानेत फुटकी ट्यूबलाइट घुसते तेव्हा सगळे एकदम "आई गं" करून ओरडले, आणि तो तसाच लढत राहिल्यावर खोलीत जी शांतता पसरली ती मी कुठल्या भुताच्या सिनेमातही ऐकली नाही. रेक्टर वर आले बघायला, कोण पडलं म्हणून.

मॅड डॉग हा खलनायक का लक्षात राहतो? पोलिसांच्या तुकडीतल्या जाकाला बंदुकीच्या धाकाने खोलीत नेतो आणि बंदूक बाजूला ठेवून देतो. गोळी घालण्यात मजा नाही, हाताने मारायचं. शेवटी तर साखळीला टांगलेल्या अँडीला, म्हणजे टामाच्या टोळीत असलेल्या रामाच्या भावाला, स्वतःच खाली उतरवतो, दोघे भाऊ मिळून या म्हणतो. हा असा माज! आणि माणूस दिसायला केवढासा. शेजारी उभा राहिला तर लिफ्टमध्ये जागा द्याल.

शेवंतीची_माई

पडदाफाड, लिहिलंय छान, पण मला झेपला नाही. मुलाने लावून दिला होता. टामा रांगेत गुडघ्यावर बसवलेल्यांना गोळ्या घालत जातो, शेवटच्याच्या वेळी गोळ्या संपतात, मग तो टेबलाचं ड्रॉवर उघडून हातोडा काढतो. मी तिथेच उठले. कणीक भिजवायची होती असं सांगितलं.

मला हिंसा चालत नाही असं नाही. गावाकडे तंबूत काय कमी तलवारी बघितल्या? पण तिथे मरणाऱ्याला नाव असायचं. इथे पोलीस पटापट मरतात आणि कोण गेला तेही कळत नाही. सगळे काळ्या कपड्यात, काळ्या टोपीत. वीसपैकी चारांची नावं तरी सांगा बघू न शोधता.

तर्कटराव

माईंना अनुमोदन. आणि एबर्टना उगाच शिव्या घालणाऱ्यांना एक विनंती, त्यांचं परीक्षण नीट वाचा. त्यांचा आक्षेप थोडक्यात असा की हा सिनेमा म्हणजे दुसऱ्याने खेळलेला व्हिडिओ गेम आहे. यात चूक काय? मजला चढा, टोळी मारा, पुढच्या मजल्यावर मोठा गडी, सगळ्यात वर मुख्य खलनायक.

रामाची बायको गरोदर आहे. का? तर आपल्याला त्याची काळजी वाटावी म्हणून. सकाळी नमाज पढतो, पोत्यावर ठोसे मारतो, बायकोच्या कपाळाचं चुंबन घेतो, वडिलांना भावाबद्दल सांगतो "त्याला घरी आणीन". दोन मिनिटांत पात्ररचना आटोपली. बायका सिनेमात किती? एक घरी थांबलेली, एक आजारी. भावाभावांचा धागा आहे, तो बरा आहे, पण त्यालाही मारामाऱ्यांच्या मधल्या फटीत कोंबलाय.

कोयत्याचा प्रसंग उत्तम, मान्य. पण एका मिनिटावर तासाभराचं कर्ज किती काढणार?

पडदाफाड

@माई, वाहू, जाका, बोवो, रामा. झाले चार. :) पण मुद्दा कळला. गणवेशातल्या माणसांमध्ये फरक करायला इव्हान्सने कष्ट घेतलेले नाहीत, हे खरं आहे.

@तर्कटराव, गेमचं म्हणाल तर गेममध्ये मेल्यावर परत सुरुवातीपासून सुरू करता येतं. इथे जो थकतो तो थकलेलाच राहतो. बोवोच्या (भिंतीमागे दडलेला तो जखमी सहकारी) कानाला गोळी लागते, त्यानंतर तो लोढण्यासारखा गळ्यात आहे आणि रामाचा प्रत्येक निर्णय त्याच्यामुळे अवघड होतो. रामा एकटा असता तर केव्हाच निसटला असता. याला मी कथा म्हणतो. कुणी तोंडाने सांगत नाही एवढंच.

बायकांचा मुद्दा मात्र बिनतोड आहे.

जकार्तारिटर्न

नोकरीनिमित्त काही वर्षं तिकडे होतो म्हणून थोडी भर.

तिकडच्या माझ्या सहकाऱ्यांना या सिनेमाचा अभिमान होता, पण त्यामागचं कारण मारामारी एवढंच नव्हतं. १९७०-८० च्या दशकांत इंडोनेशियात सिलाटपट जोरात चालायचे, बॅरी प्रिमा हा त्यातला मोठा हिरो. नव्वदच्या दशकात तिथला सिनेमाधंदाच झोपला. पुढे सावरला तेव्हा भुताखेतांचे पट धो धो यायला लागले. अशात एक इंडोनेशियन भाषेतला, स्थानिक नटांचा सिनेमा टोरंटोत टाळ्या घेतो, हे त्यांच्यासाठी मोठंच होतं. "दिग्दर्शक गोरा आहे" अशी कुरकुरही ऐकली, चहाच्या टेबलावर, दबक्या आवाजात.

दुसरं, फितूर लेफ्टनंट वाहू. इथे आपण त्याला खलनायक समजून सोडून देतो. १९९८ ला सुहार्तो गेल्यानंतर पोलीसदल लष्करापासून वेगळं केलं, पण लाचखोरीच्या तक्रारी काही थांबल्या नाहीत. वाहू स्वतःच्या फायद्यासाठी कोवळ्या पोरांना मरायला घेऊन जातो, आणि शेवटी टामा त्यालाच सांगतो की बाबा रे, तुझे वरचे मला आधीच विकले गेलेत. हे माझ्या मित्रांना अजिबात फिल्मी वाटलं नव्हतं. तेव्हा कथा नाही असं म्हणताना कुणासाठी नाही तेही बघायला हवं.

अजून एक. यायान रुहियान मुळात सिलाटचा शिक्षक, अभिनय नंतर. आणि जाका झालेला जो तस्लिम इंडोनेशियाच्या राष्ट्रीय ज्युदो संघातला. म्हणून त्या दोघांच्या झटापटीत एक जण सारखा धरून आपटायला बघतो आणि दुसरा जवळ येऊन कोपर-गुडघे चालवतो. कोरिओग्राफीत त्यांच्या खऱ्या सवयी वापरल्या आहेत.

टामाचं काम केलेले रे सहेतापी २०२५ मध्ये गेले. फार मोठा नट. नुसता बसून बोलतो तरी धडकी भरते.

तिकीटबारी

@जकार्तारिटर्न, ज्युदोचं माहीत नव्हतं! आज रात्री तो सीन परत लावणार.

पट्टा_कोल्हापुरी

मला हा सिनेमा बघून आनंद कमी आणि जळफळाट जास्त झाला. त्यांच्याकडे सिलाट, आपल्याकडे मर्दानी खेळ. कोल्हापुरात आजही पेठांमधून आखाडे आहेत, पोरं-पोरी लाठी, विटा (दोरी बांधलेला भाला), दांडपट्टा फिरवतात. शिवजयंतीच्या मिरवणुकीत या, अंगावर काटा येईल. दांडपट्ट्याला २०२४ मध्ये राज्यशस्त्राचा दर्जासुद्धा दिला. आणि आमच्या मराठी सिनेमात काय? ऐतिहासिक पटात स्लो मोशनमध्ये पट्टा एकदा फिरतो, धूळ उडते, पार्श्वसंगीत सुरू. फिरवणाऱ्याचा हात दिसत नाही, मनगट दिसत नाही. पट्ट्यात मनगट बांधलेलंच असतं, सगळा खेळ खांद्याचा आणि पावलांचा. ती पावलं दाखवा की!

बारा-पंधरा आखाड्यातली पोरं, एक जुना वाडा, एक रात्र. करा सिनेमा. कोण नाही म्हणतंय?

कॉलशीट

पट्टासाहेब, नाही म्हणणारा मी आहे. :) लाइन प्रॉडक्शनला (शूटिंगची रोजची व्यवस्था आणि खर्च) आहे, म्हणून आतली गोष्ट सांगतो.

मराठीत मारामारीला एक दिवस मिळतो. फार झालं तर दीड शिफ्ट. फाइट मास्टर सकाळी लोकेशन पहिल्यांदा बघतो, त्याचे फायटर सोबत असतात, नाश्ता होईपर्यंत मूव्ह ठरतात आणि दुपारी जेवणाआधी अर्धी फाइट कॅनमध्ये गेलेली लागते, कारण संध्याकाळी त्याच वाड्यात हळदीचा सीन लावलेला असतो. हिरोने तालीम केलेली नसते. मग कॅमेरा हलवायचा, कट मारायचे, साउंडला "ढिशूम" भरायचं. पडदाफाड म्हणतात ते कटांचं रहस्य इतकंच आहे, कलात्मक वगैरे काही नाही.

इव्हान्सने जे केलं, म्हणजे महिनोन् महिने आधी तालीम, त्याला खर्च तुलनेने कमी. गाद्या, खोकी, एक हँडीकॅम आणि भाड्याची खोली. महाग असतो तो शूटिंगचा दिवस. युनिट, लाइट, जनरेटर, जेवण, सगळ्यांचा भत्ता. पण बजेटच्या कागदावर ‘तालीम’ असा रकानाच नसतो. मी एकदा घातला होता. निर्मात्याने पेनने खोडला आणि विचारलं, "हे पडद्यावर कुठे दिसणार?"

पट्टा_कोल्हापुरी

@कॉलशीट, त्या निर्मात्याला आमच्या आखाड्यात पाठवून द्या. पट्ट्याच्या टप्प्यात उभा करतो, मग दिसेल.

कायदाकानून

कुणीच ‘बागी’चा विषय काढला नाही याचं नवल वाटतंय. २०१६ चा टायगर श्रॉफवाला. शेवटचा भाग बँकॉकमधल्या बहुमजली इमारतीत, हिरो एकेक मजला चढत वर जातो. ‘द रेड’शी संबंधित कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली होती, प्रदर्शनाच्या तोंडावर. न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली आणि सिनेमा ठरल्याप्रमाणे लागला.

कायद्याच्या अंगाने हे समजायला सोपं आहे. नुसत्या कल्पनेवर कुणाची मालकी नसते. "एक माणूस इमारतीत वर चढत शत्रूंना मारतो" यावर हक्क सांगायला निघालात तर अर्धा ॲक्शन सिनेमा कोर्टात उभा करावा लागेल. हक्क असतो तो मांडणीवर. प्रेक्षक मात्र न्यायाधीशापेक्षा कडक असतो. थिएटरमध्ये माझ्या मागचा मुलगा मध्यंतरानंतर मित्राला प्रत्येक मजल्याला सांगत होता, "हे तिकडून, हेही तिकडून."

तर्कटराव

मग त्याच न्यायाने ‘ड्रेड’चं काय? २०१२ चा. बहुमजली मनोरा, वर बसलेली ड्रग-माफिया बाई, दरवाजे बंद, स्पीकरवरून फर्मान की या पोलिसांना मारा. जसंच्या तसं!

कायदाकानून

‘ड्रेड’चं चित्रीकरण २०१० च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत सुरू झालं होतं, तेव्हा ‘द रेड’ कुणी बघणं शक्यच नव्हतं. दोन्हीकडे स्वतंत्रपणे तेच सुचलं. गंमत म्हणजे ‘ड्रेड’ला याच्या कित्येक पट पैसा होता आणि तो तिकीटबारीवर आपटला. (@तिकीटबारी, तुमच्यावर नाही.)

रातराणी_एक्स्प्रेस

‘किल’ बघितलेले आहेत का कोणी? माझ्या मते आपल्याकडे ‘द रेड’चा खरा वारसा तिथे आलाय, ‘बागी’त नाही. इमारतीऐवजी धावती ट्रेन. तोही टोरंटोच्या त्याच मध्यरात्रीच्या विभागात दाखवला होता, २०२३ ला, इथे लागला जुलै २०२४ मध्ये. सिनेमाचं नाव पडद्यावर येतं तेच मुळी जवळपास मध्यात. तोवर हिरो पकडून, बांधून, आपटून काम चालवतो. नाव आल्यानंतर मात्र तो कुणालाच सोडत नाही.

आणि माईंचा जो आक्षेप आहे ना, मरणाऱ्याला नाव नाही, त्यावर ‘किल’ने वेगळंच केलंय. तिथले दरोडेखोर एकमेकांचे काका-पुतणे, भाऊ आहेत. एक मेला की बाकीचे त्याच्यापाशी बसून रडतात. मला थिएटरात एका क्षणी कळेना की टाळी वाजवायची की नाही. पुढच्या रांगेतले वाजवत होते.

शेवंतीची_माई

हे रडण्याचं ऐकून उत्सुकता वाटली. पण ट्रेनच्या बोगीत एवढं रक्त म्हणजे मी पुढच्या वेळी पुण्याला बसनेच जाईन.

सुरावट

संगीतावर कोणी बोलेना म्हणून मी. या सिनेमाची दोन पार्श्वसंगीतं आहेत हे लक्षात घ्या. मूळ इंडोनेशियन आवृत्तीला आरिया प्रायोगी आणि फजर युस्केमल यांचं. अमेरिकेत सोनीने घेतला तेव्हा लिंकिन पार्क या रॉक बँडचा माइक शिनोडा आणि जोसेफ ट्रॅपनीज यांच्याकडून नवं करून घेतलं. त्यावरून चाहत्यांत अजून हमरीतुमरी चालते.

माझं मत विचाराल तर शिनोडाचं जास्त धारदार आहे, पण ते तुम्हाला सांगतं की आता ताणून बसा. मूळ संगीत जरा मागे राहतं, त्यामुळे जिन्यातल्या पावलांचे आणि श्वासांचे आवाज पुढे येतात. तुमच्याकडे कुठली आवृत्ती आहे ते बघून मग भांडा. या धाग्यावर निम्मे लोक वेगवेगळा सिनेमा ऐकून आलेत अशी मला शंका आहे. नावाचंही तेच, अमेरिकेत हक्काच्या अडचणीमुळे मागे ‘रिडेम्प्शन’ चिकटवलं. त्याचा कथेशी काडीचा संबंध नाही.

पडदाफाड

@सुरावट, मी शिनोडावाली पाहिली आहे. मूळ शोधतो.

@कॉलशीट, तुमचा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा. मी जे बाहेरून सांगत होतो ते तुम्ही आतून सांगितलंत. "पडद्यावर कुठे दिसणार" या प्रश्नाचं उत्तर म्हणून त्या निर्मात्याला तो कोयतेवाल्या टोळीचा कॉरिडॉर दाखवा. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना दारं, आणि एकही ठोसा हवेत गेलेला नाही.

@तर्कटराव, तुमच्यासाठी एक गंमत. ‘द रेड’ चालल्यावर इव्हान्सने ती फडताळातली जुनी संहिता बाहेर काढली आणि २०१४ मध्ये त्याचाच दुसरा भाग केला. पैसे चौपट, लांबी अडीच तास. बाप-मुलगा, टोळ्या, गुप्त पोलीस, भरपूर कथा. मलेशियात बंदीही आली. आणि पहिल्या भागाला "कथा नाही" म्हणणाऱ्यांतलेच काही जण तेव्हा म्हणाले, फार लांबलाय, मारामारी कधी सुरू होणार?

तर्कटराव

मी त्यांतला नाही. मला दुसरा भाग जास्त आवडतो. तुरुंगाच्या अंगणातली चिखलातली दंगल एकीकडे आणि तुमचा कॉरिडॉर एकीकडे. शिवाय तिथे हातोडेवाली मुलगी आहे, म्हणजे बायकांच्या मुद्द्यावर इव्हान्सने निदान काहीतरी ऐकलं.

शेवंतीची_माई

पुन्हा हातोडा?

तिकीटबारी

माई, एक नाही, दोन हातोडे. :D

दुसऱ्या भागाचा वेगळा धागा काढा बुवा कोणीतरी, नाहीतर इथे खिचडी होईल. आणि त्यात शेवटची स्वयंपाकघरातली मारामारी ज्याने आधी लिहिली त्याला माझ्याकडून मिसळ. करंबित (वाकड्या पात्याचा छोटा चाकू) घेऊन मारेकरी झालेला सेसेप आरिफ रहमान समोर येतो तिथून पुढे मला खूप लिहायचंय.